तोइग, तोइग

मायक्रोफोनच्या फोमच्या टोपीत लोकरीचा एक तंतू अडकला होता. करडा, टोकाशी पिवळसर. मैथिलीने तो चिमट्याने ओढून पाहिला. फोम ताणला गेला, तंतू निघाला नाही.

"राहू दे," सारनाई म्हणाली. "प्रबंधात लोकरीबद्दल काही नाही ना?"

सारनाई मूळची मंगोलियाची. बर्लिनची भिंत पडायच्या आधी लाइपझिगला शिकायला आली आणि जर्मनीतच राहिली. आता ती बर्लिनच्या या संस्थेत मंगोल भाषा शिकवायची आणि मैथिलीच्या प्रबंधाची दुसरी परीक्षक होती. प्रबंध एका गाण्यावर होता. व्यालेली मेंढी कधी कधी पिल्लाला जवळ येऊ देत नाही. तेव्हा घरातली बाई तिच्याशेजारी बसते आणि 'तोइग, तोइग' एवढंच चालीवर म्हणत राहते, मेंढी पिल्लाला पाजेपर्यंत. मैथिली मुळात पदार्थविज्ञानाची, पुण्यात शिकलेली. तिने त्या आवाजाची पट्टी, लय, दोन श्वासांमधलं अंतर, सगळं मोजलं होतं.

खिडकीशी मुक्ता बसली होती. मैथिलीची मुलगी, नऊ वर्षांची. खोलीत हीटर चालू असूनही तिच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली होती. तिचे बाबा, प्रसन्न, तिला नाताळच्या सुट्टीसाठी न्यायला स्टुटगार्टहून येत होते. मुक्ता तिथेच वाढली, बाबा आणि नंदिनीआत्यापाशी. मैथिली तेव्हा कधी मंगोलियात होती, कधी बर्लिनमध्ये. आईची सवय व्हावी म्हणून ऑगस्टमध्ये तिला इथे आणलं. सुट्टीनंतर ती बर्लिनला परतणार की तिकडच्या जुन्या शाळेत जाणार, हे प्रसन्न फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होता. मैथिली दर वेळी "बघू" म्हणत होती.

"मुक्ता, थालीपीठ खाऊन घे गं. गार होईल."

"नाइन, डांके," मुक्ताने जर्मनमध्ये नको म्हटलं. दुकानातल्या बाईला म्हणावं तसं, अगदी नीट.

सारनाईने प्रबंधाची पानं उलटली. "तुझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये मेंढी मानते. प्रत्येक?"

"हो."

"मी मेंढ्यांच्या घरात वाढले. आमच्याकडच्या मेंढ्या इतक्या गुणी नव्हत्या."

मैथिलीने समजावून सांगितलं. बाई गायला लागली की रेकॉर्डिंग सुरू करायचं, पिल्लू प्यायला लागलं की बंद. जिथे पिल्लू प्यायलंच नाही, ती रेकॉर्डिंग्ज 'अपूर्ण' म्हणून बाजूला काढली होती.

"अपूर्ण!" सारनाई हसली. "पुण्यात विज्ञान असं शिकवतात होय? बरं, लाव त्यातलं एक."

मैथिलीने लावलं. आधी वारा, लांबवर कुत्रं. मग बाईचा आवाज. आळवणारा, थकलेला, पुन्हा पुन्हा तोच शब्द. मध्येच पिल्लाचं बारीक ओरडणं. मग गाणं थांबलं. बाई नवऱ्याला काहीतरी म्हणाली. मैथिलीला मंगोल चांगली यायची, पण हे वाक्य तिने पूर्वी कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

'याला तपकिरी मेंढीपाशी ने.'

मग किटलीचं झाकण वाजलं. कोणीतरी चहा ओतला.

"इतक्यात का थांबली ती?" मैथिली म्हणाली. "अजून थोडं गायली असती तर..."

"गाणं मेंढीसाठी असतं. भूक पिल्लाला असते."

"आणि मेंढी? तिचं काय करतात?"

"काय करणार? चरायला सोडतात. तिला कोणी रागवत नाही." सारनाईने चष्मा काढून पुसला. "आणि तीही मागे वळून बघत नाही."

मैथिलीने हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली. ऑगस्टपासून तिने सगळं केलं होतं. वेण्या, गोष्टी, रविवारी प्राणिसंग्रहालय, तापात उशाशी बसणं. एक गोष्ट मात्र तिने कोणाला सांगितली नव्हती. मुक्ता शाळेतून आल्याची बेल वाजली की तिच्या मनात पहिला विचार यायचा, आता काम होणार नाही. तो विचार जाईल म्हणून तिने वाट पाहिली होती. तो गेला नव्हता.

दारावर टकटक झाली. प्रसन्न आत आला, नाक थंडीने लाल झालेलं. मुक्ता उठली, त्याच्याजवळ गेली आणि तिने आपला हात त्याच्या ओव्हरकोटच्या खिशात घातला. त्याचा हात आधीच तिथे होता.

"आत्यानं चकल्या केल्यात," तो म्हणाला.

"तिखट?" मुक्ताने विचारलं.

"तुझ्यासाठी वेगळ्या. कमी तिखट."

ऑगस्टपासून मैथिलीने तिच्या तोंडून मराठी शब्द ऐकला नव्हता.

सारनाईने कागद गोळा केले आणि कॉफीचं निमित्त काढून ती बाहेर गेली. प्रसन्नने आवाज खाली आणला. "मैथिली, शाळेला आज कळवायचंय. आज 'बघू' म्हणू नकोस गं."

मैथिलीने मुक्ताकडे पाहिलं. मुक्ता बापाच्या कोटाच्या गुंड्यांकडे बघत होती. या खोलीत मुक्ताला न कळणारी एकच भाषा होती, मंगोल, आणि ती प्रसन्नला येत नव्हती.

"तिकडच्या शाळेला हो म्हणून सांग," मैथिली मराठीत म्हणाली, सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत. "ती तुझ्याकडेच राहील."