गिलासभर पाणी

पोरांना गाई-म्हशी दाखवायला दादा नेरच्या पशुप्रदर्शनाला निघाला, तेव्हा "तू बी चाल, पण चांगला ड्रेस घाल," म्हणत त्यानं मलाही ओढून नेलं. शेण, माशा आणि डोक्यावर ऊन. रिंगणात परीक्षकानं एका गाईचा जबडा उघडून दात बघितले, मग तिला पुढे-मागे चालवलं. मला किळसच आली.

"पप्पा, तिले काहून चालवून राह्यले?" माझ्या पाच वर्षांच्या भाचीनं, चिनूनं विचारलं.

"लंगडते का, ते पाहून राह्यले," दादा म्हणाला.

चहाच्या टपरीवर दादाला 'अचानक' एक ओळखीचं जोडपं भेटलं. सोबत त्यांचा कडक इस्त्रीतला, लग्नाचा मुलगा. दोन मिनिटांत त्या बाई मला म्हणाल्या, "बेटा, त्या माठातलं गिलासभर पाणी आणून देशीन का?"

दादाच्या पिशवीत पाण्याची भरलेली बाटली होती. त्यानं पिशवी मागं सरकवली.

मी माठापर्यंत गेले, परत आले. तिघांच्याही नजरा माझ्या पायांवर. बाईंनी गिलास तोंडालाही लावला नाही, पाणी तिथंच ओतून दिलं.



चिनूनं टाळ्या वाजवल्या, "पप्पा, आत्या नाही लंगडत!"