घरचे नाव

"नाव कोणी दिलं, तेवढं सांगा. मग मी निमूट जातो."

थोरल्याने दोन्ही पंजे टेबलावर रोवले होते. काचेपलीकडच्या खोलीत गाणे वाजत होते, परंतु अलीकडे त्याचा सूरही पोहोचत नव्हता. समोर रेडिओचा निवेदक बसला होता. रोज सकाळी साऱ्या शहराला हसवणारा हा इसम प्रत्यक्षात किरकोळ अंगकाठीचा होता. या घटकेला त्याला दरदरून घाम फुटला होता.

"हे पाहा, दादा..."

"दादा म्हणू नका! एकदा दादा होऊन झालंय तुमचं."

ते खरेच होते. 'उडवा टोपी' या आपल्या कार्यक्रमात निवेदक कोणाचे तरी सोंग घेऊन भलत्याच माणसाला फोन करी आणि त्याची फजिती जगाला ऐकवी. त्या दिवशी त्याने रुग्णालयातील वॉर्डाच्या सिस्टरला फोन लावला होता आणि सोंग घेतले होते थोरल्याचे. पाठीमागे ट्रकचा हॉर्नसुद्धा वाजवला होता. थोरला ट्रकचालक होता आणि आजारी भावाची चौकशी तो रस्त्यावरूनच करीत असे.

सिस्टर कडक शिस्तीची होती. फोनवर ती कोणालाही ताकास तूर लागू देत नसे. म्हणून तिने आणि थोरल्याने एक खूण ठरवली होती. तिने विचारायचे, "पेशंटचं घरचं नाव?" त्याने सांगायचे, "बटाट्या." धाकटा जन्मला तेव्हा इतका गोल गरगरीत होता, की आईने त्याला पहिली हाक तीच मारली होती. आईवडील केव्हाच निवर्तले. आता हे नाव तिघांनाच ठाऊक होते: थोरला, धाकटा आणि सिस्टर. नाव जुळले की सिस्टर फोन घेऊन आतल्या खोलीत जाई आणि दार लोटून घेई. खाटेवरचा धाकटा त्या दाराकडे पाहत राही.

निवेदकाने नाव अचूक सांगितले. सिस्टरने दार लोटले आणि जे खरे होते ते सांगितले.

"ऑपरेशन झालं तरी दहांत एखादाच वाचतो, दादा. पण त्याला यातलं काही कळू देऊ नका. तो हसतोय ना, त्यावरच आमची सगळी भिस्त आहे."

खोट्या दादाने फोनवर गळा काढला. सिस्टरने बिचारीने त्याची समजूत घातली. त्या रडण्यावर हशा चिकटवून दुसऱ्या सकाळी ते सर्व शहराला चहाबरोबर पाजण्यात आले. धाकट्याने ते खाटेवर पडल्या पडल्या, कानात इअरफोन घालून ऐकले. ऑपरेशनच्या कागदावर त्याने सही केली नाही. भिंतीकडे तोंड फिरवले, ते अखेरच्या श्वासापर्यंत.

थोरला ट्रक घेऊन परतला आणि सारा प्रकार कळताच सिस्टरवरच तुटून पडला. "तिघांतलं नाव! मी फोडलं नाही, तो फोडणार नाही. मग उरलं कोण?" भर वॉर्डात तो तिला वाटेल ते बोलला. "नाही हो, दादा," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. संध्याकाळच्या आत तिला कामावरून काढण्यात आले. तरीही थोरल्याच्या काळजातील आग विझली नाही. तीच आग घेऊन तो आज येथे आला होता.

"आम्ही पेशंटचं खरं नाव घेतलंच नव्हतं," निवेदक म्हणाला. "नुसतं बटाट्या म्हणालो. गंमत होती हो! असे बटाट्या गावात शंभर असतील."

"माझ्या घरात एकच होता."

थोरला टेबलावरून आणखी पुढे झुकला.

"सिस्टरनंच सांगितलं ना तुम्हाला?"

हा प्रश्न ऐकताच निवेदकाच्या चेहऱ्यावर एकाएकी सुटकेची झाक उमटली.

"छे, छे! आम्हाला श्रोतेच फोन करतात, अमक्याची टोपी उडवा म्हणून. असा प्रत्येक फोन आम्ही रेकॉर्ड करून ठेवतो. तुम्ही स्वतःच ऐका. मग आमच्यावर बोट ठेवणार नाही तुम्ही."

त्याने कळ दाबली.

"नमस्कार, साहेब! आमच्या वॉर्डातल्या सिस्टरची जरा टोपी उडवा की! नुसती हेडमास्तरीण आहे. चुकून हसली तर तोंडाला टाके घालावे लागतील. ती घरचं नाव विचारेल. बटाट्या म्हणून सांगा. आणि आवाज आमच्या दादाचा काढा. त्याच्या ट्रकच्या फाटक्या सायलेन्सरसारखा आहे, जमेल तुम्हाला."

तो आवाज धाकट्याचा होता.

"पटलं?" निवेदक म्हणाला. "खुद्द पेशंटचीच इच्छा होती. त्यात आमचा काय दोष?"

असे म्हणता म्हणता त्याचा हात लगबगीने कळीकडे गेला. ती लगबग थोरल्याच्या नजरेतून सुटली नाही. ट्रकचे चाक फिरवणाऱ्या त्या हाताने निवेदकाचे मनगट जागच्या जागी आवळले.

"पुढचं ऐकू दे."

"पुढे विशेष काही नाही..."

"ऐकू दे म्हणतो ना!"

आवाज तोच होता, पण त्यातले हसू मावळले होते.

"आणि हे बघा साहेब, तिला एवढं विचारा, बटाट्या घरी कधी येणार? मला सगळे 'लवकरच' म्हणतात. दादाशी ती खोटं बोलायची नाही. उत्तर चांगलं असलं तर खुशाल लावा, अख्खा वॉर्ड हसू दे. वाईट असलं तर मात्र रेडिओवर लावू नका. मला एकट्याला सांगा. दादाला वाटतं, मला काही माहीत नाही. त्याला तसंच वाटू दे."