मनोऱ्याचं पाणी

आमच्या लहानशा स्टेशनावर दगडी मनोरा आहे. कोळशाची इंजिनं तिथे थांबून पाणी भरून घ्यायची. बहात्तरच्या दुष्काळात तेव्हाच्या स्टेशनमास्तरांनी त्याचा नळ वाडीसाठी उघडला, आणि नुकतीच सासरी आलेली भीमाबाई तिथूनच हंडे वाहायची. ही हकिगत मी चौथीच्या मुलांना दर वर्षी मनोऱ्याखाली बसवूनच सांगतो.

यंदा मनोऱ्याला रंग दिला, दिवे लावले. वाडीत आठवडाभर टँकर फिरकला नव्हता, तरी सगळी वाडी उद्घाटनाला आली. भीमाबाईच्या नातीने, ज्ञानेश्वरीने, मनोऱ्याची हकिगत जराही न अडखळता सांगितली. पाहुण्यांनी कळ दाबली आणि वरून पाणी धबाधबा कोसळू लागलं. टाळ्या थांबेनात.

"गुरुजी," ज्ञानेश्वरीने हळूच विचारलं, "इंजिनं तर बंद झाली ना? मग मनोऱ्यात पाणी आलं कुठनं?"

मी तिला घेऊन मागच्या बाजूला गेलो. तिथे वाडीचा टँकर रिकामा उभा होता आणि ड्रायव्हर पाइप गुंडाळत होता.

"कार्यक्रमवाल्यांनी इकडंच आणाय लावला, गुरुजी," तो मान खाली घालून म्हणाला. "मी काय करू?"

पुढे येऊन पाहिलं, तर भीमाबाईने कुणाच्या तरी घरून हंडा आणून त्या धारेखाली धरला होता. रखवालदार तिच्यावर धावून गेला.

"ए आजे, सर की बाजूला! फोटो चाललेत. ह्ये पाणी प्यायचं न्हाई, बघायचं हाय."