लख्ख पातं
तीन दिवस उबदार झिमझिम चालू होती आणि पलीकडच्या शेतात बटाट्यावर करपा आला होता. नवरा मजुरीला स्कॉटलंडला गेलेला, म्हणून यंदा मोरचुदाचं औषध डेलियानेच कालवलं. ते पारखायला तिने पिंपात सुरी बुडवली. पातं तांबूस निघालं. हे फवारलं तर पानं जळणार. नाही फवारलं तर वर्षभर खायचं काय? “सोडा कमी पडलाय, सासूबाई.” “पडणारच! पाद्रीबाबा घरी प्रार्थनेला येणार म्हणून चादरी धुण्यात संपवलास. आता त्याच उकडून घाल पोरांना.” सासू आपल्या शेताकडे वळून हुंगत होती. “अजून वास नाही. कुजका वास आला की संपलं.” पाद्रीबाबांसाठीच भिंतींना चुना दिला होता; सोड्याऐवजी चुनाही चालतो. उरलेली बादली डेलियाने पळत आणून ओतली, ढवळलं, सुरी घासून पुन्हा बुडवली. पातं लख्ख निघालं. “जमलं, सासूबाई!” सासूने शेताकडे बघत शालीचं टोक नाकावर दाबलं होतं.