डावीकडचा कप

"दाजीबा, दोन्ही कप एकदमच टेकले पाहिजेत," मंत्री कुजबुजले. "मागे एकाला आधी मिळाला, तर दुसऱ्याने औषधांचं जहाज महिनाभर अडवलं होतं."

दाजीबाला ते ठाऊक होतं. त्यांचं बेट दोन बलाढ्य देशांच्या मध्ये होतं. कुणी रुसू नये म्हणून बेटावरची सगळी यंत्रं सहा महिने उत्तरेच्या उपग्रहाच्या सिग्नलवर चालत, सहा महिने दक्षिणेच्या. अदलाबदलीच्या दिवशी दोन्ही राजदूतांना चहा दिला जाई. उजवीकडचा कप दाजीबा ठेवी, डावीकडचा त्याची बायको अनसूया.

गेल्या अदलाबदलीत नऊ मिनिटं सिग्नल गेला. अनसूयेच्या हृदयातलं यंत्र त्या सिग्नलवरच चालायचं; ते थांबलं, आणि ती गेली. चूक कोणाची, हे बेटाने कुणालाच विचारलं नाही.

आज दोन्ही कप दाजीबाच्याच हातांत होते. महिनाभर सराव करूनही डावा हात मागे राहिला.

"काय हो, आमच्यावर राग आहे का?" दक्षिणेचा राजदूत हसत म्हणाला. मंत्र्यांना घाम फुटला.

"नाही साहेब," दाजीबा म्हणाला. "तो कप तिचा असायचा."

दोन्ही राजदूतांनी माना खाली घातल्या. तरी पहिला घोट कोणी घ्यायचा ते ठरेना, आणि चहा तसाच निवून गेला.