आरशातला हात

"उजवा हात वर!" अशी आज्ञा देत हेमांगीने स्वतःचा डावा हात वर केला. समोरच्या चाळीस मुलांचे उजवे हात एकदम वर गेले. मुलांकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेने त्यांचा आरसा व्हायचं असतं. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमातली ही पहिली गोष्ट, आणि नेमकी तीच चुकल्यामुळे गेल्या वर्षी ती परीक्षकांसमोर शिकवून दाखवायच्या शेवटच्या पाठात नापास झाली होती.

यंदा तिने महिनाभर दुसरं काही केलंच नाही. मेसमध्येसुद्धा ती डाव्या हाताने जेवायला लागली, तेव्हा मावशींनी ताटच ओढून घेतलं. "उपाशी ऊठ, पण असं जेवू नकोस गं बाई!"

आजचा पाठ बिनचूक झाला. पांढऱ्या टोपीतले परीक्षक गुण लिहिता लिहिता थांबले.

"मॅडम, आता तुम्ही रांगेत या. आज्ञा मी देतो. उजवा हात वर!"

चाळीस उजवे हात वर गेले, आणि एक डावा.

"मॅडम, डावा उचललाय तुम्ही!" शेजारची मुलगी इतक्या हळू म्हणाली की सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. हेमांगीला आणखी एक वर्ष डोळ्यांपुढे दिसलं.

परीक्षक मात्र खदखदून हसत होते. "पास! हे दुखणं जडल्याशिवाय मी कुणाला सोडतच नाही." आणि अभिनंदन करायला त्यांनी ऐटीत डावा हात पुढे केला. हेमांगीचा डावा तिथे आधीच पोचला होता.

"सर, उजवा!" चाळीस मुलं एका सुरात ओरडली.