संघातली सहावी जागा

"काचराजा घेतला तर मी संघ सोडतो," बाबा म्हणाले. संघ त्यांचाच होता, त्यामुळे धमकीला तसा अर्थ नव्हता.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. समोर बसलेला मामा दातांचा डॉक्टर. समोरच्याला बोलता येत नाही याचीच आयुष्यभराची सवय, त्यामुळे वादात तो कच्चा होता.

टेबलावर पाच पत्ते मांडले होते आणि सहावी जागा रिकामी होती. पत्त्यांवरच्या त्या कुस्तीत सहा मल्लांचा संघ लागतो. कुणी राक्षस, कुणी यक्ष, एक अर्धा मासा. सहावा तीनतोंड्या होता; पंचांशी तिन्ही तोंडांनी भांडतो म्हणून नव्या नियमांत त्याला बाद केलं होतं. रविवारी स्पर्धा. बाबा सलग अकरा वर्षं विजेते, आणि पाच मल्लांना कुणी मैदानात उभं करत नाही.

लेक छापखान्यात कामाला होती. दोन नव्या पात्रांची माहिती तिनेच टाइप करून आणली होती, कोऱ्या पत्त्यांवर.

"चित्रं अजून व्हायचीत," ती म्हणाली. "दोघांतला एकच घ्या. आणि सहाच्या आत सांगा."

मामाने पहिला पत्ता वाचला. "काचराजा. घराणं मोठं. घाम येत नाही, आवाज चढवत नाही. समोरचा चुकेपर्यंत थांबतो. दाजी, काय शिस्त आहे!"

"घाम येत नाही? मल्ल आहे की फ्रिज?" बाबांनी दुसरा पत्ता उचलला. "हा बघ. अस्वल्या. उंची सहा-दोन, वजन एकशे चार. चार भावांत वाढलेला. एकदा धरलं की सोडत नाही. तीनदा चीत झाला, तीनदा परत आला. दुर्बलता: झोप आणि पाल."

"पालीला घाबरणारा मल्ल!" मामा खिदळला. "रविवारी समोर येणाऱ्या त्या पोस्टमनकडे सरडासुर आहे, विसरलात?"

"सरडा वेगळा, पाल वेगळी. दातांच्या पलीकडे कधी बघशील?"

"अहो, पण तीनदा चीत!"

"म्हणजे पडायचं कसं ते त्याला कळतं. तुझा काचराजा एकदा पडू दे, केरसुणी आणावी लागेल."

आई खिडकीला नवे पडदे लावत होती. एरवी या खेळाला ती पोरखेळ म्हणायची. आज स्टुलावरूनच म्हणाली, "नीट विचार करून ठरवा. नंतर माझ्याकडे कुरकुर नको."

"बाबा, मोठ्या पंचांसमोर अस्वल्याची बोबडी वळते, असंही लिहिलंय," लेक म्हणाली.

"उत्तम! बोलक्याने आपली एक जागा घालवलीच आहे."

मामाने शेवटचा डाव टाकला. "दाजी, घराणं तरी बघा काचराजाचं."

"घराण्याला काय ओवाळायचंय? मला माणूस हवाय. वेळेला धरून ठेवणारा."

लेकीने घड्याळाकडे पाहिलं. सहाला चार मिनिटं होती.

बाबांचा एक नियम होता. पत्ता एकदा प्लास्टिकच्या पाकिटात सरकला की बाहेर काढायचा नाही. अकरा वर्षांत तो त्यांनी एकदाही मोडला नव्हता. हे ते लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांनाही सांगत, सुटका होईपर्यंत.

त्यांनी अस्वल्याला पाकिटात सरकवलं आणि सहाव्या जागेवर थाप मारली.

"झालं! आजपासून हा आपला. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे."

"नक्की ना, बाबा?"

"मी शब्द फिरवलेला कधी पाहिलायस?"

"नाही," लेक म्हणाली. तिने दार उघडलं आणि जिन्यात वाकून हाक मारली, "ये रे वर! बाबांनी तुला पसंत केलंय. तुझ्या आईबाबांनाही घेऊन ये."